युरोलॉजीची फुटकी दुर्बीण

१

श्रीमंतअण्णा गाढ झोपले होते. मीच झोपवलं होतं त्यांना. मी डॉक्टर विजयश्री, भूल देणारी. कलबुर्गीच्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात, युरोलॉजीच्या थिएटरमध्ये, पेशंटच्या डोक्याशी माझं स्टूल असतं. लोकांना वाटतं, भूलवाली बसल्या बसल्या डुलक्या घेते. वाटू दे बापडं! सगळे खाली पेशंटकडे बघत असतात तेव्हा सगळ्यांची तोंडं बघणारी मी एकटीच असते.

सोमवारची सकाळ होती. बसवकल्याणच्या श्रीमंतअण्णांच्या किडनीतला खडा काढायचा होता. पोट फाडायचं नाही, लघवीच्या वाटेनं नळीसारखी वाकणारी दुर्बीण वर न्यायची आणि लेसरनं खडा फोडायचा. अख्ख्या डिपार्टमेंटात अशी दुर्बीण एकच. शिकाऊ डॉक्टर प्रेरणानं तिची पेटी उघडली आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मॅडम, ही फुटलीय."

दुर्बिणीच्या टोकाजवळचं काळं रबर फुगून टरकलं होतं. खडेतज्ज्ञ डॉक्टर महेशकुमार हात धुऊन आत येत होते, ते "अय्यो!" म्हणून जागीच थांबले. बाजूच्या थिएटरातून कॅन्सरच्या सर्जन दानेश्वरी धावत आल्या. विभागप्रमुख गुरुशांतप्पा सर दारातच उभे राहिले, आत आलेच नाहीत.

"शुक्रवारी शेवटची कुणी वापरली?" महेशकुमारांनी विचारलं.

"मी," प्रेरणा म्हणाली.

श्रीमंतअण्णांना तसंच उठवावं लागलं. शुद्धीवर आल्या आल्या ते म्हणाले, "बाई, काडलात का खडा?"

"न्हाई अण्णा."

"मग मला झोपवलात कामून?"

आता काय सांगू त्यांना, कपाळ!

दुपारपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. प्रेरणा कोहिनूर गावची. वडील राजपाल एसटीत ड्रायव्हर. पोरगी एमएस करून युरोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आलेली, परीक्षा तोंडावर. दुर्बीण तिच्या निष्काळजीपणानं फुटली असं ठरलं तर या खेपेला तिला परीक्षेला बसू देणार नव्हते. कँटीनमध्ये मागच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "सीट कोणत्या कोट्यातनं मिळाली ते माहितीये की." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वळून बघितलं तर तिथं सगळे इडली खाण्यात मग्न.

संध्याकाळी अधीक्षकांनी बोलावलं. "मॅडम, तुम्ही युरोलॉजीच्या नाही आणि थिएटर तर तुम्हाला पाठ आहे. चौकशी तुम्हीच करा. शनिवारी बैठक. तसं म्हणाल तर, सगळं उघडच आहे."

उघड आहे म्हणे! उघड असतं तर मला कशाला बोलावलं असतं?

२

प्रेरणाला मी माझ्या खोलीत बसवलं. दार लावल्यावर ती मला 'मॅडम' सोडून 'अक्का' म्हणायला लागली.

"अक्का, मी न्हाई फोडली. पण माझं कोण ऐकायलंय? सगळे असे बघायलेत की जसं काही आधीच ठरलेलं होतं."

"रडू नको. आधी सांग, ही फुटते कशी?"

"लेसर आतच चालला तर नळी आतून जळते. काळी पडते."

दुर्बीण टेबलावर होती. भिंग लावून बघितलं. आत कुठंही काळं नव्हतं. आणि रबराच्या कडा? त्या बाहेर वळल्या होत्या. धारदार वस्तू लागली असती तर कडा आत गेल्या असत्या. हे तर फुग्यासारखं आतून फुगून फुटलं होतं. आता वायू हा माझाच धंदा. बाहेरचा दाब गेला की आतली हवा पसरते, हे मला कुणी शिकवायला नको.

"प्रेरणा, हिच्या पोटात हवा असते?"

"व्हय." तिचे डोळे एकदम मोठे झाले. "अक्का, गॅस! निर्जंतुक करायचं गॅसचं मशीन आधी आतली सगळी हवा ओढून घेतंय. म्हणून तिथं घालताना दुर्बिणीला टोपण लावायचं असतंय. टोपणातनं पोटातली हवा निघून जाती. ते लावलं न्हाई तर ही फुटणारच."

"मग शुक्रवारी तू गॅसला लावलीस?"

"न्हाई ओ! आपल्या थिएटरात कुणीच लावत न्हाई. आपण औषधाच्या पाण्यात बुडवतो, आणि तेव्हा टोपण काढून ठेवायचं असतंय. ते कायम खिळ्याला अडकवलेलं असतं बघा. हिच्यावर हात बसवताना पहिल्या वर्षी मी एवढी घोटलीय की सगळं पाठ झालंय. टोक वळवायचा खटका अंगठ्यानं फिरवायचा असतोय. अंगठा असा दुखायचा की भाकरी मोडता येत नव्हती."

मी थिएटरात जाऊन बघितलं. टोपण खिळ्यालाच होतं. म्हणजे शुक्रवारनंतर कुणीतरी दुर्बीण बाहेर काढली, बिनटोपणाची गॅसला लावली आणि गुपचूप पेटीत आणून ठेवली. कपाटाच्या किल्ल्या प्रेरणा, महेशकुमार, दानेश्वरी आणि सर, एवढ्यांकडेच. चौघांतला एक खोटं बोलत होता, आणि रोज सकाळी त्या चौघांच्या मधोमध बसून मी पेशंटला झोपवत होते.

टोपण मी कोटाच्या खिशात टाकलं.

३

दानेश्वरीबाईंवर माझा पहिला संशय. ही दुर्बीण विकत घेण्याला त्यांचा कडाडून विरोध होता. "खड्यानं माणूस मरत नाही, कॅन्सरनं मरतो," असं भर मीटिंगमध्ये ऐकवलेलं त्यांनी.

मी काही न बोलता टोपण त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हे इथं कसं?" त्या लगेच म्हणाल्या. "खिळ्याला नको का? मूत्राशय बघायच्या माझ्या दुर्बिणीचं टोपण असंच एकदा हरवलं होतं, तेव्हापासून मी डोळ्यात तेल घालून बघते."

"शनिवारी-रविवारी कुठं होतात?"

"सोलापूरला, नणंदेच्या घरी. माझ्यावर संशय घेताय होय? घ्या. मला ती दुर्बीण नको होती, हे खरंच आहे. पण नको असलेली वस्तू मी तोंडावर नको म्हणते. रात्री जाऊन फोडत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "महेशकुमार दर रविवारी बीदरला प्रायव्हेटमध्ये ऑपरेशनं करतात, तेवढं विचारा."

आली का चहाडी! पण चहाडी खोटीच असते असं थोडंच आहे.

मग गुरुशांतप्पा सर. त्यांच्याबद्दल काय सांगायचं! आकुंचन पावलेला मूत्रमार्ग गालाच्या आतली कातडी लावून शिवावा तर सरांनीच. हैदराबादचे डॉक्टर येऊन मागं उभे राहून बघतात. जुन्या काळचे, हातात सुरी घेऊन शिकलेले. बाकी सगळे त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे सर चुकतील किंवा त्यांना काही माहीत नसेल, असं इथं कुणाच्या मनातही येत नाही. सोमवार ते शुक्रवार कलबुर्गी, शनिवारी बीदरच्या घरी, रविवारी परत.

सरांचं टेबल नेहमी आरशासारखं असतं. टोपण ठेवलं तशी कपाळाला आठी आली. "हे सलाईनचं बूच कुणी आणलं इथं? कुठंही काही टाकतात," म्हणत त्यांनी ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"राहू द्या सर, माझं आहे," म्हणून मी ते परत काढून घेतलं. त्यांना मी कधी उलटून बोलत नाही.

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "पोरगी चांगली आहे, विजयश्री. पण पोरांकडून घाई होते कधी कधी."

पोरीच्या गुरूनंच असं म्हटल्यावर काय राहिलं? मला सरांचा राग आला, आणि आपल्याला राग आला याचंही वाईट वाटलं.

४

गॅसचं मशीन तळमजल्यावर, लिंगराजच्या ताब्यात. तो मला बघूनच खुर्चीवरून उठला. मी नुसती गेले तर उठायचं काय कारण?

"शनिवारी-रविवारी युरोलॉजीचं काही आलं होतं?"

"रविवारी एक पेटी आलती मॅडम. कापडात बांधलेली. मी बांधलेलं उघडून बघत न्हाई."

"कोण घेऊन आलं?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "ध्यानात न्हाई."

"लिंगराज, त्या पोरीचं वर्ष जायलंय. ध्यानात आण."

"मॅडम, मला हितंच नोकरी करायचीय," एवढं बोलून तो मशीनची काच पुसायला लागला. काच आधीच लख्ख होती.

परत येताना मी विचार केला. लिंगराज कुणाला भितो? शिकाऊ पोरीला कोण भितं हो! म्हणजे प्रेरणा सुटली. पण हे मलाच पटून काय उपयोग? बैठकीत लिंगराज तोंड उघडणार नव्हता.

दुर्बीण पुन्हा टेबलावर घेतली. लेसरची तार जाते त्या बारीक वाटेतून ब्रश घातला. दुसऱ्या टोकानं पांढऱ्या कागदावर एक कण पडला. लाल. विटेच्या रंगाचा. नखानं दाबला तर चुरा झाला.

बीदरमध्ये माझं माहेर. लहानपणी गुडघे फुटले की जखमेत हेच असायचं. मुरूम! कलबुर्गीत काळी माती आणि फरशीचा दगड, असा लाल मुरूम औषधालाही मिळत नाही. दुर्बीण बीदरला जाऊन आली होती.

आणि दर रविवारी बीदरला कोण ऑपरेशनं करतं, ते दानेश्वरीबाईंनी सांगूनच ठेवलं होतं.

५

महेशकुमारांना मी पार्किंगमध्येच गाठलं. हातात टोपण आणि कागदाची पुडी.

"टोपण कशाला घेऊन फिरताय? हरवेल ते," ते म्हणाले.

"रविवारी दुर्बीण बीदरला नेली होतीत ना?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "कोण म्हणतंय? माझी स्वतःची दुर्बीण आहे तिथं, दवाखान्यात येऊन बघा! सरकारी वस्तूला मी हात लावत नाही." रागावलेला माणूस खरं बोलतोय की नाटक करतोय, हे ओळखायला मला वेळ लागतो. मी पुडी उघडली. त्यांनी कण बोटावर घेतला आणि रागातसुद्धा हसले.

"मॅडम, हा मुतखडा नाही, मुरूम आहे. माणसाच्या किडनीत मुरूम कुठून येईल? मी नेली असती तर पेशंटमध्येच वापरली असती ना?"

"मग हा आत गेला कसा?"

"शिकताना जातो. दिल्लीला ट्रेनिंगमध्ये आम्ही बकऱ्याची किडनी आणायचो, तिच्यात बारीक खडी भरायची आणि दुर्बिणीनं वेचत बसायचं. खडी न मिळाली तर अंगणातला मुरूम. पण ते नवशिक्यांचं काम, मी कशाला करू?"

ते गाडीत बसून निघून गेले आणि मी उन्हात तशीच उभी.

नवशिका. कोण नवशिका? प्रेरणाला सराव करायचा तर लॅब आहे, दिवसाढवळ्या करते, कुणाची चोरी नाही. महेशकुमार यातच मुरलेले. दानेश्वरीबाई असल्या दुर्बिणी रोज हाताळतात. टोपण काय असतं ते तिघांनाही ठाऊक होतं. ज्यानं ओळखलं नाही, त्यानं ते सलाईनचं बूच समजून कचऱ्यात टाकलं होतं.

माझी चूक व्हावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

६

सर चहा पीत होते. कप चार बोटांनी धरलेला, अंगठा बाजूला ताठ. खोलीत बामचा वास.

"अंगठा दुखतोय, सर?"

"वय झालं."

"खटका फिरवून दुखतोय. प्रेरणाचाही पहिल्या वर्षी असाच दुखायचा." मी टोपण त्यांच्यासमोर ठेवलं. "हे सलाईनचं बूच नाही, सर. गॅसला लावताना हे दुर्बिणीला लावायचं असतं. न लावल्यामुळं ती फुटली."

ते टोपणाकडे बघत राहिले. "हे? एवढंसं?" मग ते उचलून म्हणाले, "मला वाटत होतं, माझ्या हातून जास्त वाकली म्हणून फुटली."

मी काही विचारायच्या आत ते आपणहूनच बोलायला लागले. "आता सगळं या दुर्बिणीनंच व्हायलंय. माझी पोरं कशी झरझर करतात, आणि मला तिचं टोक वळवता येत न्हाई. पुढच्या महिन्यात परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येणार. एखाद्यानं 'सर, तुम्ही दाखवा' म्हटलं तर? कुणाला विचारू? महेशकुमारला? त्याला गाठ मारायला मी शिकवलंय. म्हणून बीदरला नेली. बकऱ्याची किडनी आणली, अंगणातला मुरूम भरला. नंतर मनात आलं, बकऱ्यात घातलेली वस्तू माणसात जाणार, चांगली निर्जंतुक व्हायला पाहिजे. आमच्या वेळची स्टीलची दुर्बीण गॅसमधून निघाली की बिनघोर असायचं. लिंगराजला म्हटलं, कुणाला सांगू नको. आणलेली पेटी मी उघडूनसुद्धा बघितली न्हाई."

खरं सांगते, मला त्यांची दया आली. एवढा मोठा माणूस अंगणात बसून बकऱ्याच्या किडनीतून मुरूम वेचतोय! पण दया आली म्हणून राग कुठं जातो?

"आणि प्रेरणा, सर?"

"वाटलं, दोन-चार दिवसांत निवळेल."

"कुणाचं निवळेल? तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि तुम्ही मला म्हणालात, पोरांकडून घाई होते!"

त्यांनी कप बशीत ठेवला.

"शनिवारी तुम्ही बोला. नाहीतर मी बोलेन, सर."

"बघू," ते म्हणाले.

मोठ्या माणसांचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. शनिवारपर्यंत मला धड झोप लागली नाही.

७

बैठकीला सगळे होते. प्रेरणा भिंतीकडच्या खुर्चीत, हात मांडीवर आवळून. अधीक्षकांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, सांगा. त्या पोरीचीच चूक ना?"

मी सरांकडे बघितलं. सर टेबलाकडे बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुर्बीण मी नेली होती," सर उभं राहून म्हणाले. "मी ती शिकत होतो. मला येत न्हाई. टोपण लावायचं असतंय हे मला माहीत नव्हतं, आणि फुटलेली बघितल्यावर मी गप्प बसलो."

महेशकुमारांचं तोंड उघडंच राहिलं. दानेश्वरीबाईंनी पदर ओठांशी नेला. अधीक्षक एकदम हसले. "अहो सर, तुम्ही! मग काय प्रश्नच नाही. प्रयोगात असं व्हायचंच. तांत्रिक बिघाड असं लिहू आणि विषय संपवू."

मी उसळून बोलणार होते, पण प्रेरणा आधीच उठली होती.

"साहेब, सोमवारपासून हा निष्काळजीपणा होता. माझ्या अप्पांना फोन करून सांगितलं लोकांनी, तुमच्या पोरीनं दुर्बीण फोडली म्हणून. आता सरांचं नाव आल्यावर तांत्रिक बिघाड कसा झाला?"

अधीक्षक पेनशी खेळायला लागले.

"निष्काळजीपणाच लिहा," सर म्हणाले. "माझ्या नावावर लिहा. आणि ती परीक्षेला बसणार, हे आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

अधीक्षकांना सांगावं लागलं.

बाहेर व्हरांड्यात सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना असं कुणासमोर उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "प्रेरणा, चुकलो मी. माफ कर."

ती त्यांच्याकडे बघत होती. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं.

"सर, माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होता तुम्ही इतके दिवस," ती म्हणाली. डोळे भरले होते, तरी मान ताठ होती. "मला एकदा विचारलं असतं तर मी शिकवलं असतं की."

प्रेरणानं पुस्तकं उचलली आणि ती लायब्ररीकडे निघून गेली.